गाईला घातलेला खाऊ

मुलगा आणि सून सध्या ज्या परदेशी गावात राहतात, ते म्हणे आपल्या अकोल्याहूनही लहान आहे. चारी बाजूंनी गव्हाची आणि बटाट्याची शेतं, मधून जाणारा एक मोठा रस्ता, धान्याची उंच कोठारं, आणि हिवाळा आला की सगळं पांढरं. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. तो हवेचं सांगतो, नव्या गाडीचं सांगतो, सून फोन हातात घेऊन ओट्यावर काय शिजतंय ते दाखवते, आणि मी शेवटी एकच विचारते, तुमच्या घरी कोणी येतं का? तो हसतो. आई, दर रविवारी तेच काय, म्हणतो. शेजारचे म्हातारे येतात ना, दारातला बर्फ काढू लागतात. मी म्हणते, ते आत येतात का? तुमच्याकडचं काही खातात का? यावर तो बायकोकडे बघून डोळे मिचकावतो, ते मला फोनमध्ये दिसतं. आईला भलतीच काळजी, असं त्याला वाटत असणार. पण मी त्याची काळजी करत असते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो नसतोच, ते मी त्याला कधी सांगितलेलं नाही. त्यालाच काय, गेल्या वर्षापर्यंत कोणालाच नाही. माझं बोलणं मुळात कमी. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात. त्या शांत स्वभावाचं खरं काय आहे, ते या प्रकरणात लिहून टाकायचं ठरवलं आहे.

अकोल्याचं आमचं घर रेल्वेलाइनीच्या अलीकडच्या गल्लीत होतं. खाली आम्ही, वर दोन खोल्या, एक मोरी आणि गल्लीकडे तोंड केलेली गॅलरी. बाबा कृषी विद्यापीठाच्या कार्यालयात कारकून होते. तेल्हाऱ्याजवळ आमचं थोडं काळं रान होतं, ते काका करायचे, आणि वर्षाची ज्वारी, तूर नि सरकी-ढेपसुद्धा तिकडूनच यायची, कारण मागच्या अंगणात आईनं एक गाय पाळली होती. पहाटे जिनिंगचा भोंगा, मग खांडव्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीची शिट्टी, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, या क्रमानं आमचा दिवस उजाडायचा. आईच्या गळ्यात माळ. घरात कांदा-लसूण चाले, अंड्याचं नाव मात्र कोणी काढायचं नाही. बाकी आई कडक नव्हती. तिचा जीव माणसांत. दारावर आलेल्या माणसाला ती पाणी दिल्याशिवाय आणि चार गोष्टी विचारल्याशिवाय सोडायची नाही.

वरच्या खोल्या रिकाम्याच असायच्या. एका दिवाळीच्या सुमाराला बाबा संध्याकाळी घरी आले ते आईला म्हणाले, इथिओपियाचे एक डॉक्टर ज्वारीच्या संशोधनासाठी वर्षा-दोन वर्षांकरता विद्यापीठात आले आहेत, बायको बरोबर आहे, त्यांना कोणी खोली देत नाही. आई म्हणाली, काहून देत नाही? बाबा म्हणाले, उद्या पाहशील. दुसऱ्या दिवशी सायकलरिक्षातून ती दोघं उतरली. उंच, सडसडीत, गर्द सावळी. तिच्या अंगावर पांढरं सुती कापड, त्याला रंगीत काठ, आणि ते तिनं डोक्यावरून असं घेतलं होतं की आई पटकन म्हणाली, पदर घेते व ही तं. डॉक्टरांचं नाव गेताचू आणि तिचं आल्माझ. गल्लीनं त्या दोघांना त्याच दिवशी दुसरं नाव ठेवलं. ते मी इथं लिहीत नाही. मीही ते शाळेत जाता-येता घेतलं आहे, एवढं मात्र लिहिते.

आईनं त्याच संध्याकाळी मला भाजीची वाटी घेऊन वर पाठवलं. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. वाटीवर बाबांचं नाव कोरलेलं होतं. दोन दिवसांनी आल्माझ ती वाटी घेऊन खाली आली, आणि वाटीत तिच्याकडची मसुराची लालभडक आमटी होती. आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, पाह्य, रिकामं भांडं नाही आणलं. तिला ते फार आवडलं होतं. शेजारी आले-गेलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत तिच्या मुलखातही होती आणि आमच्याही. आईनं हसून वाटी घेतली, तिच्या दंडाला हात लावला, ती जिना चढून गेली. मग आईनं वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "गाईले टाकून ये." मी बघतच राहिले. आई म्हणाली, त्याहिच्या चुलीवरचं आपल्याले कसं चालन? काय काय शिजवत असतीन तथी, कोणाले माहीत. द्यायला काही हरकत नाही, घ्यायचं तेवढं नाही. ती हे रागानं म्हणाली नाही, आवाज तर एकदम मऊ होता. आणि वर ऐकू जाऊ नये म्हणून हळू.

मी अंगणात गेले. गाईपाशी उभी राहिले आणि बोट बुडवून चाखलं. मग सगळीच खाल्ली. तिखटानं कान गरम झाले. वाटी विसळून आत नेऊन ठेवली. चारदोन दिवसांनी जिन्यात आल्माझ भेटली. तिनं हातांनी नि तुटक इंग्रजीत विचारलं, आईला आवडलं का? मी मान हलवली. फार आवडलं, म्हणाले.

पुढचं सगळं त्या मान हलवण्यातून झालं. त्या वयात मला ते चांगलं काम वाटलं होतं. दोन्हीकडे आनंद, कोणाचं काही बिघडलं नाही, आणि मला खायला मिळालं. वाटी वर जायची, वाटी खाली यायची, आई ती गाईच्या नावानं माझ्या हाती द्यायची आणि गाईच्या वाट्याला काही येत नसे. कधी आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाचं मोठं जाळीदार धिरडं, कधी चण्याच्या पिठाचं घट्ट पिठलं, ते तर डोळे मिटून खाल्लं असतं तर आमच्याच घरचं वाटलं असतं. आल्माझच्या मनात हळूहळू असं पक्कं बसलं की खालचे लोक आपल्या हातचं खातात. त्याचा तिला किती आधार होता हे मला तेव्हा कळायचं नव्हतं.

हिवाळ्यात बाबांनी त्या दोघांना तेल्हाऱ्याला हुरड्याला नेलं. शेतात आगटी पेटली, काकांनी कणसं भाजली, आणि आल्माझनं कोणी न शिकवता गरम कणीस तळहातात घेऊन चोळायला सुरुवात केली. तिच्याकडेही कोवळी ज्वारी अशीच भाजून खातात, डॉक्टर सांगत होते. तिच्या हातांचा वेग बघून काका चाट पडले. म्हणाले, ह्या बाईले इथंच ठेवा, मजूर लावाचं काम नाही. सगळे हसले, तीही हसली. तिनं चोळलेले हिरवे दाणे तिनं आईच्या ओंजळीत टाकले आणि आईनं ते चटणीला लावून खाल्ले. मी आईकडे टक लावून बघत होते. परतताना बसमध्ये मी विचारलं, तर आई म्हणाली, शेतात चालते. मला पुष्कळ वर्षं वाटत राहिलं की त्या दिवशी मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. शेतात चालतं तर घरात काहून नाही? आई कदाचित गप्प झाली असती, कदाचित तिनं विचार केला असता. मी खिडकीबाहेर बघत बसले.

उन्हाळ्यात डॉक्टर दिवसभर विद्यापीठाच्या प्रयोगशेतावर आणि आल्माझ त्या तापलेल्या खोल्यांत एकटी. तिचं गाव उंच डोंगरावरचं, बाराही महिने शाल लागावी असं. अकोल्याचा मे तिनं ओलं कापड डोक्यावर ठेवून काढला. ती खाली बाजारात जायची तेव्हा पोट्टे मागे लागायचे, म्हणून तिनं जाणं कमी केलं. पण दुपारी, ऊन कलायला लागलं की ती कॉफी भाजायची. आपल्यासारखी पूड नाही. तिनं घरून डब्यातून हिरव्या बिया आणल्या होत्या, त्या लोखंडी तव्यात परतायची, त्यांचा धूर सुटायचा, तवा घेऊन ती जिन्याच्या तोंडाशी यायची आणि हातानं तो धूर खाली लोटायची. तिच्या गावात असा वास गेला की शेजारणी आपण होऊन येतात, बोलवावं लागत नाही. ताटात ती बिनकानाचे छोटे कप मांडून ठेवायची. चांगले ओळीनं, घरात माणसं असल्यासारखे. खाली आई म्हणायची, काय जाळून राहिली बाप्पा रोज, आणि खिडकी लावून घ्यायची.

मी जायची. आईची दुपारची झोप लागली की अनवाणी वर. आल्माझ पहिला कप द्यायची, त्यात साखर भरपूर. ती मला तिच्या आईबद्दल सांगायची, आमच्या दोघींच्या मोडक्या हिंदीत. तिची आई एकटी होती आणि त्या डोंगराच्या आजूबाजूला लढाई चालू होती. तिथून खुशाली क्वचितच यायची. मग दुसरा कप. तिसरा कप झाल्याशिवाय उठायचं नसतं, तो आशीर्वादाचा, असं तिनं मला कितीदा सांगितलं. पण तोवर खालून आईची चाहूल लागायची आणि मी उठायची. तिसरा कप मी कधीच घेतला नाही. तिनं एकदा विचारलं, तुझी आई का येत नाही? तिला माझं जेवण आवडतं ना? मी म्हणाले, आईचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. आईचे गुडघे तेव्हा उत्तम होते. हल्ली खरंच दुखतात, आणि तेल लावताना मला दर वेळी ते आठवतं.

भादव्याच्या पुनवेपासून आमच्या भुलाबाई बसायच्या. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मातीची भुलाबाई आणि तिचे भुलोजी मांडून मुली महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरतात. गाणी संपली की त्या घरची बाई झाकणाचा डबा पुढे करते. डब्यात काय खाऊ आहे तो न उघडता ओळखायचा. वाजवून, वास घेऊन, वजनावरून. ओळखला नाही तर बाई जिंकली. खाऊ मात्र कसंही झालं तरी मिळायचाच. आमच्या गल्लीत पंधरावीस पोरी होत्या, त्यांची पुढारी वंदा, माझ्याहून एका इयत्तेनं मोठी. गल्लीच्या टोकाला दोन बौद्ध घरं होती. त्यांच्या मुली माझ्या वर्गात होत्या, पण आमच्या भुलाबाईत नसत. त्या का नसतात हे मी कधी कोणाला विचारलं नाही. मला तेव्हा ते दिसतही नव्हतं.

आल्माझ गॅलरीत उभी राहून, टाळी धरत, रोज आमची गाणी ऐकायची. एक दिवस म्हणाली, माझ्या घरी का येत नाहीत मुली? मीही डबा करीन. त्या दिवशी ती नेहमीसारखी हसत नव्हती. डॉक्टरांचं काम अजून एक वर्ष चालणार होतं. तिला आईकडे परत जायचं मनात होतं, आणि जाऊ नये असंही वाटत होतं, कारण तिकडचे रस्ते धोक्याचे झाले होते. पण इथं दिवसचे दिवस कोणाशी बोलणं नाही, हे सोसत नाही, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "मुली आल्या, बसल्या, खाल्लं, तर मी राहीन." तिनं हे मला, एका शाळकरी मुलीला सांगितलं. दुसरं सांगायला होतं कोण?

मी वंदाला तयार केलं. बाबांनी आईला समजावलं असावं, कारण आई म्हणाली, गाणी म्हणा, पोरींच्या जाण्यानं काय होते. खाण्याचं कोणी काही बोललं नाही. आदल्या दुपारी मी आल्माझजवळ बसून तो खाऊ केला. दाबो कोलो. कणीक, तेल, मीठ, थोडी साखर, तिची लाल मसाल्याची पूड आणि पाणी. एवढंच. तिनं मला प्रत्येक वस्तू हातात देऊन दाखवली, आणि अंडं नाही, दूध नाही, हे बोटं हलवून सांगितलं. तिच्या धर्मात उपासाचे दिवस फार, त्या दिवशी असलं काहीच चालत नाही, तेव्हा हे उपासाचं खाणं आहे, तुझ्या आईलाही चालेल, म्हणाली. आम्ही कणकेच्या सुतळ्या वळल्या, कात्रीनं त्यांचे हरभऱ्याएवढे तुकडे केले आणि मंद आचेवर परतत बसलो. थंड झाल्यावर ते खड्यांसारखे वाजायला लागले. तिनं ते डब्यात भरून माझ्या कानाशी हलवले आणि बऱ्याच दिवसांनी खुदकन हसली. कोणालाच ओळखता येणार नाही, म्हणाली.

संध्याकाळी आम्ही वर गेलो. तिनं जमीन पुसून चटया घातल्या होत्या, भुलाबाईसाठी पाट मांडून त्याच्याभोवती झेंडू ठेवले होते. डॉक्टर मुद्दाम बाहेर गेले होते. गाणी झाली. तिला शब्द येत नव्हते, पण टाळी बरोबर पडत होती. मग डबा आला. पोरींनी तो हातोहात फिरवला. फुटाणे. नाही. शेंगदाणे. नाही. साबुदाणा, खारका, रेवड्या. एक जण म्हणाली, गिट्टी हाये गिट्टी, रेल्वेची, आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. प्रत्येक नावाला मी तिच्यासाठी खुणेनं सांगत होते आणि ती लहान मुलीसारखी मान हलवत होती. शेवटी आम्ही हरलो. तिनं झाकण काढलं आणि डबा वंदापुढे धरला.

वंदानं आत पाहिलं. हात पुढे केला नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "यात अंडं असन."

 आल्माझ डबा धरून उभी. तिला शब्द कळला नव्हता, पण हात कोणीच पुढे करत नाही हे कळत होतं. वंदा म्हणाली, "निमे, तुले माहीत असन ना. तू तं वरत येते म्हणे. खाते बी म्हणे."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. अंडं नाही, मी स्वतः कणीक मळली. एवढं वाक्य. पण ते म्हटलं तर मी वर येते हे गल्लीभर होणार, मी खाते हे होणार, वाटी गाईला जात नाही हे आईपर्यंत जाणार. माळ घातलेल्या आईला मी वर्षभर फसवलं हे तिला कळणार. मी आल्माझकडे पाहिलं नाही. म्हणाले, "मले काय माहीत? मी तं वाटी ठेवली का लगेच खाली येते."

पोरी उठल्या. वंदानं तिला हात जोडून नमस्कारही केला, नीट वागली ती. जिन्यात कोणीतरी हसलं. एक गोष्ट आज लिहिते. त्यातल्या निम्म्या पोरींच्या घरी रविवारी मागच्या दारी अंडी उकडत. त्या अंड्यांचं गल्लीला काही नव्हतं. प्रश्न अंड्याचा नव्हताच. तो तिच्या रंगाचा होता, तिच्या हाताचा होता, आणि हे वंदाला माहीत होतं नि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आमच्या ओट्यावर होता. आल्माझनं तो बाबांजवळ दिला होता, मुलींना काल भूक नसेल, म्हणून. आई म्हणाली, गाईले टाकून ये. त्या दिवशी गाय मागच्या अंगणात नव्हती, गवळी धार काढून तिला समोर निंबाला बांधून गेला होता. गल्लीत शाळेला निघालेल्या पोरी होत्या. वंदा होती. मी डबा घेऊन बाहेर आले तेव्हा वर गॅलरीत आल्माझ केस विंचरत होती. मागे फिरता आलं असतं. एरवी वर्षभर मी तेच केलं होतं. पण पोरी पाहत होत्या, आणि मी मोठ्या ऐटीत चालत गेले नि सगळा डबा गाईच्या घमेल्यात उलटा केला. ते दाणे घमेल्यात वाजले. गाईनं तोंड घातलं आणि कुडुमकुडुम खायला लागली. वंदा म्हणाली, गाईले तं आवडलं. मी हसले. मग वर पाहिलं. आल्माझच्या हातात फणी तशीच होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. ती हिशेब लावत होती, आमटीचा, धिरड्याचा, वर्षभरात खाली आलेल्या प्रत्येक वाटीचा. आणि तो हिशेब चुकीचा होता. ते सगळं मी खाल्लं होतं. पण हे तिला सांगायला मी वर गेले नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. दुपारी कॉफीचा वास यायचा थांबला.

दिवाळी झाल्यावर डॉक्टर खाली येऊन बाबांजवळ बसले. ती चालली आहे, म्हणाले. बाबा रोज रेडिओवर परदेशच्या बातम्या ऐकत, त्यांना तिकडचं माहीत होतं. त्यांनी परोपरीनं सांगितलं की आता पाठवू नका. डॉक्टर इंग्रजीत काहीतरी बोलले. आईनं विचारलं, काय म्हणते थो? बाबा म्हणाले, बायको म्हणते तिकडे निदान आई आहे, इथं माझं कोणी नाही.

आई चकित झाली. "कोणी नाही म्हणजे?" ती म्हणाली. "आपण हाओ ना."

तिला खरंच तसं वाटत होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि तिथून आत गेले.

आल्माझ निघाली त्या सकाळी आईनं तिची ओटी भरली, खण दिला, डोळ्यांत पाणी आणलं. तिनंही आईला तीनदा गालाला गाल लावून निरोप दिला, तिच्या रीतीनं. मग पिशवीतून आमची वाटी काढून आईच्या हातात ठेवली. लख्ख घासलेली, आणि रिकामी. आई वाटीत पाहत राहिली. म्हणाली, घाईत असन बिचारी. आल्माझनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि रिक्षात बसली. रिक्षा वळेपर्यंत तिच्या पांढऱ्या कापडाचा काठ दिसत होता.

ती तिच्या गावी पोचल्याचं एकदा कळलं. त्यानंतर त्या बाजूचे रस्ते बंद झाले आणि काही कळेनासं झालं. डॉक्टर रोज संध्याकाळी बाबांच्या रेडिओशी येऊन बसायचे. बातम्या संपल्या की उठायचे. बाबा विचारायचे, काही? ते नकारार्थी मान हलवायचे. उन्हाळा लागल्यावर ते यायचे बंद झाले, पण वरून त्यांच्या फेऱ्यांचा आवाज यायचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. काम संपवून ते गेले. जाताना त्यांना काही कळलेलं होतं का, हे बाबांनी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. ती सुखरूप असेल, असंही असू शकतं. आज ती सत्तरीला टेकली असेल, नातवंडांना कॉफीचा धूर दाखवत असेल. मुलगा म्हणतो, हल्ली कोणालाही शोधता येतं. मी त्याला नाव सांगितलेलं नाही. शोधलं आणि सापडली नाही, तर?

बाबा गेल्यानंतर अकोल्याचं घर विकलं आणि आई माझ्याकडे अमरावतीला आली. तिला आता ऐकू कमी येतं, मागचं मात्र स्वच्छ आठवतं. गेल्या भादव्यात आमच्या इमारतीतल्या मुली खालच्या मोकळ्या जागेत भुलाबाईची गाणी म्हणत होत्या, कोणीतरी हौसेनं त्यांना शिकवली होती. आई पलंगावर बसून ऐकत होती. मी तिच्या गुडघ्यांना तेल लावत होते. एकदम म्हणाली, थे वरची कशी टाळी वाजवे व? आणि मी, इतकी वर्षं गप्प बसलेली, बोलायला लागले. वाटीचं सांगितलं. गाईला एकदाही घातलं नाही, फक्त त्या एका दिवशी घातलं, हे सांगितलं. डब्यात अंडं नव्हतं आणि ते मला माहीत होतं, हेही. तुझ्या भीतीनं बोलले नाही, म्हणाले.

आई म्हणाली, "तू खाते हे मले माहीतच होतं. तुया केसायले धुराचा वास येये. तोंडाले मसाल्याचा."

माझा हात थांबला. मी विचारलं, मग बोलली काहून नाहीस?

"काय बोलू? लेकरू खाते, खाऊ दे म्हटलं." ती म्हणाली. "मी तं मुद्दाम तुयाच हाती देत होती ना वाटी. गाईले मी जाऊन टाकली नसती का?"

खाली गाणी संपली होती. डबा वाजवल्याचा आवाज आला, आणि पोरी नावं घ्यायला लागल्या, चिवडा, लाडू, चिक्की. मी आईच्या गुडघ्यावर हात ठेवून तशीच बसले. ज्या भीतीपायी मी ते एक वाक्य गिळलं, ती भीती आमच्या घरात नव्हतीच. आईला ठाऊक होतं. तिनं मला खाऊ दिलं, स्वतः खाल्लं नाही, आणि आम्ही दोघी आपापल्या जागी गप्प राहिलो. वर ती एकटी कप मांडत होती.

आईनं माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, झोप म्हणेल. ती म्हणाली, "लागे कसं व थे?"

मी सांगायला लागले. आधी गोड लागतं, म्हणाले, मग खारट, आणि तिखट अगदी शेवटी, घशाशी. आई डोळे मिटून ऐकत होती आणि तिचं बोळकं तोंड हळूहळू हलत होतं.